दोराचा वाटा

फार पूर्वी, पूल फक्त राजाच्या शहरातच असायचे तेव्हा, एका खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक तर होती.

तर म्हणजे सपाट बुडाची मोठी होडी. खाडीला ओढ फार. भरलेली तर नुसत्या वल्ह्यांनी पलीकडे जायची नाही. म्हणून ह्या काठापासून त्या काठापर्यंत काथ्याचा जाड दोर बांधलेला असायचा. तो दोर हातांनी ओढत ओढत तरवाला माणसांना पलीकडे न्यायचा. पलीकडे वैद्य होता, शाळा होती, बाजार होता. अलीकडे नुसतं गाव होतं.

तरीत बसायला कुणाला काही द्यावं लागत नसे. राजा दरवर्षी आपल्या कोठारातून गावाला भात पाठवायचा. त्या भातावर तरवाल्याचं घर चालायचं, वैद्याचं आणि गुरुजींचं चालायचं, आणि दोर वळणाऱ्या बायका त्यातलाच भात देऊन बागवाल्यांकडून नारळाची सोडणं घ्यायच्या. सोडणं चिखलात कुजवायची, कुटायची, काथ्या काढायचा आणि वर्षाला एक नवा दोर वळायचा. असं आज्या-पणज्यांपासून चाललं होतं.

ह्या गावाला दोन गोष्टींचा फार अभिमान होता.

एक म्हणजे, तरीवर कुणाला 'नाही' म्हणायचं नाही. गावचा असो, परगावचा असो, ओळखीचा असो नसो. काठावर उभा राहिला की तो तरीत बसला.

दुसरी गोष्ट वाट्याची. गावाची एक रापण होती. रापण म्हणजे सगळ्या गावाचं मिळून एक मोठं जाळं. होडीने समुद्रात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून सगळ्यांनी वाळूवर ओढायचं. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीचा वाटा. म्हाताऱ्याने नुसता हात टेकवला तरी वाटा. मग गावकार, म्हणजे गावाचा मुख्य माणूस, वाळूवर वाटे घालायचा. ज्याला जो वाटा जवळ पडेल तो त्याने उचलायचा आणि घरी जायचं. दुसऱ्याच्या टोपलीत बघायचं नाही. एखादं पोर म्हणालंच, "आये, त्यांच्यात मोठा मासा गेला," तर आई त्याला चिमटा काढायची. "गप. वाट्याला नाव ठेवत नाहीत."

वाट्याला नाव ठेवायचं नाही, ही त्या गावाची रीत. पाहुण्यांना ती मोठ्या कौतुकाने सांगायचे.

त्या वेळचा गावकार थोडं बोलणारा आणि सरळ माणूस होता. त्याचे वाटे इतके सारखे पडायचे की लोक म्हणायचे, ह्याच्या हातात देवाने तराजू घालून पाठवलाय.

मग एक वर्ष असं आलं की राज्यात पीक कमी झालं. राजाच्या गाड्या आल्या त्या अर्ध्याच भरलेल्या. बरोबर दिवाणाचा माणूस होता. तो म्हणाला, "यंदा एवढंच. कोठारात नाही."

"बरं," गावकार म्हणाला. दुसरं काही म्हणाला नाही.

त्याच वर्षी खालच्या अंगाच्या एका वाडीचा बांध फुटला. समुद्राचं पाणी शेतात शिरलं आणि शेतं खारी झाली. तिथली माणसं शेरड्या, टोपल्या, पोरंबाळं घेऊन वर आली आणि गावाबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहिली. त्यांचे आजारी वैद्याकडे जाऊ लागले. त्यांची पोरं शाळेत जाऊ लागली. तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेली. भात अर्धा झाला आणि माणसं दुप्पट झाली.

गावकाराने चावडीपुढे भाताचे वाटे घातले. प्रत्येकाला बरोबर अर्धं. तरवाल्याला अर्धं, वैद्याला अर्धं, गुरुजींना अर्धं, दोर वळणाऱ्यांना अर्धं. आपल्या घराला तर त्याहून कमी. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. गावकाराला आपल्या गावाचा फार अभिमान वाटला. तो बायकोला म्हणाला, "बघ, दुसऱ्या एखाद्या गावात आज डोकी फुटली असती."

दोर वळणाऱ्यांत आवडाई म्हणून एक म्हातारी सगळ्यांत थोरली होती. तिच्यापुढे सोडणांचा ढीग पडला तो नेहमीच्या निम्मा.

तिची सून म्हणाली, "आत्याबाई, एवढ्यात दोर कसा पुरा व्हायचा?"

"लांबी कमी करून चालायचं नाही," आवडाई म्हणाली. "भात अर्धा झाला, खाडी काही अर्धी झाली नाही."

"मग?"

"जाडी कमी करायची."

"गावकारांना एकदा सांगून बघूया का?"

म्हातारीने हातातला काथ्या खाली ठेवला. "वाट्याला नाव ठेवतेस? तुला सून करून आणली तेव्हा तुझ्या बापाने सांगितलं होतं, पोरगी गुणाची आहे म्हणून."

सून गप्प झाली. सासू-सुनेने बारीक दोर वळला. वळला मात्र इतका सुबक, इतका एकसारखा, की लांबून कुणाला काही कळू नये.

तरवाल्याला मात्र कळलं. धाकू त्याचं नाव. जन्मभर दोर ओढून त्याचे तळवे लाकडासारखे झाले होते. नवा दोर हातात घेतल्याबरोबर त्याची मूठ पुरी मिटली. आधीच्या दोरावर ती कधी मिटली नव्हती. पण तोही काही बोलला नाही. आपल्याला आला तो आपला वाटा, असं त्याला वाटलं.

काठावरची माणसं बोलत होती, पण दुसरंच.

"तर आहे की मुंग्यांचं वारूळ?" एक जण म्हणायचा.

"आपल्या गावात आपल्यालाच बसायला जागा नाही. माळावरच्यांची शेरडं तेवढी राहिलीत तरीत बसायची."

"काल तीही बसली!"

मग चारजण मिळून गावकाराकडे गेले. म्हणाले, "आधी गाव, मग माळ, असा नेम करा. नाहीतर आमचं कसं व्हायचं?"

गावकार म्हणाला, "तरीवर कुणाला नाही म्हणायचं नाही. माझ्या बापाने म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही."

चौघे खाली मान घालून परत गेले. त्यांनाही आतून बरंच वाटलं होतं. आपलं गाव असंच असायला हवं, असं त्यांनाही वाटत होतं. आणि तर भरतच गेली.

गावकाराची एकुलती लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. एक दिवस दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गावातली सुईण म्हणाली, "बाळ आडवं आहे. हिला पलीकडे वैद्याकडे न्या. उशीर करू नका."

गावकार लेकीला धरून काठावर आला. ओहोटी लागली होती आणि पाणी समुद्राकडे जोरात ओढत होतं. तरीत आधीच माळावरची माणसं बसली होती. त्यांच्यात एका बाईची तापाने फणफणलेली लहान मुलगी होती, आजोबांच्या मांडीवर. त्या बाईने स्वतः उतरून गावकाराच्या लेकीला जागा करून दिली. "मी पुढच्या खेपेला येते," ती म्हणाली. मग आजोबांकडे वळून, "माझ्या पोरीवर तेवढी नजर ठेवा, बाबा."

तर निघाली. धाकू दोर ओढू लागला. अर्ध्या खाडीत आल्यावर त्याचे हात थांबले.

"काय झालं रे?" गावकाराने विचारलं.

धाकूने दोर पुढे केला. दोराचा एक पेड तुटून केसांसारखा पिंजला होता.

गावकाराने आयुष्यात पहिल्यांदा तरीचा दोर हातात घेतला. त्याची मूठ पुरी मिटली.

"हा एवढा बारीक कसा?"

"अर्ध्या भाताचा आहे, गावकार."

"मग तू बोलला का नाहीस?"

धाकूने त्याच्याकडे पाहिलं. "वाट्याला नाव कसं ठेवणार?"

गावकार काही बोलणार, तेवढ्यात दोर तुटला.

तर गर्रकन फिरली आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर समुद्राच्या तोंडाकडे निघाली. तिथे खडक होते. तिथे लाटा फुटत होत्या. तरीत पोरं रडू लागली. गावकाराच्या लेकीने बापाचा हात इतका घट्ट धरला की त्याची बोटं पांढरी पडली. धाकू वल्हं मारत होता, पण भरलेल्या तरीचं एका वल्ह्याने काय होणार?

त्या वेळी वाळूवर गाव रापण ओढत होतं. जाळं काठाजवळ आलं होतं आणि आत मासळी नुसती उसळत होती. बऱ्याच दिवसांनी अशी मासळी लागली होती. अर्ध्या भाताच्या त्या दिवसांत अनेकांच्या घरी तेच जेवण होणार होतं.

काठावरून ती माळावरची बाई किंचाळत धावत आली. "तर सुटली! तर सुटली!"

कुणी कुणाला विचारलं नाही. रापणीचा एक दोर जाळ्यापासून सोडवला. जाळं उघडं पडलं आणि सगळी मासळी समुद्रात परत गेली. दोराचं टोक घेऊन दोघेजण लहान होडीतून तरीकडे गेले. होडी हलकी आणि ओहोटी त्यांच्या पाठीला, म्हणून ते वेळेवर पोचले. धाकूने टोक तरीला बांधलं. मग वाळूवरच्यांनी ओढायला सुरुवात केली.

ओढ कमी पडत होती. तेवढ्यात माळावरची सगळी माणसं उताराने पळत खाली आली. ती बाई कंबरभर पाण्यात सगळ्यांच्या पुढे उभी राहिली आणि तिने दोराला हात घातला. तिच्या मागे आवडाईची सून, तिच्या मागे तेच चौघे, ज्यांना 'आधी गाव, मग माळ' हवं होतं. कोण गावचा, कोण माळावरचा, हे त्या दोराला ठाऊक नव्हतं. "हय्या रे हय्या!" म्हणत सगळ्यांनी ओढली आणि तर इंचाइंचाने मागे आली.

पाण्याची ओढ उतरल्यावर लेकीला लहान होडीतून पलीकडे नेलं. आजारी मुलीलाही त्याच होडीत नेलं. संध्याकाळच्या आत निरोप आला. वैद्याने बाळ फिरवलं होतं. मुलगा झाला. दोघं बरी होती. मुलीचाही ताप उतरत होता.

वाळूवर मात्र लोक बोलायला लागले होते. "माळावरच्यांचं ओझं झालं तरीला," कुणीतरी म्हणालं.

गावकार ओल्या धोतरानेच उभा होता. तुटलेल्या दोराचा तुकडा त्याच्या हातात होता.

"ओझ्याने नाही तुटला," तो म्हणाला. "मी तोडला. वाटे घालायच्या दिवशीच तोडला. भाताचे वाटे होतात, मासळीचे होतात. दोराचे मी कसे घातले?"

आवडाई पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "वळला तर मी, गावकार. मला ठाऊक होतं."

"मलाही हाताला कळलं होतं," धाकू म्हणाला.

"मग आपण सगळ्यांनीच तोडला," गावकार म्हणाला. "आपल्याला वाटलं, गप्प राहणं म्हणजे मोठेपणा. स्वतःच्या टोपलीबद्दल गप्प राहिलो, ते ठीकच होतं. पण हा दोर कुणा एकाच्या टोपलीतला नव्हता."

त्याने दोराचा तुकडा कमरेला खोचला. मग गावकार म्हणाला, "मी राजाकडे जातो."

लोक चमकले. त्या गावातून राजाकडे मागायला कधी कुणी गेलं नव्हतं. एक म्हातारा हळूच म्हणाला, "आपली रीत मोडेल रे."

"मोडू दे," आवडाई म्हणाली. "माझ्या सासूने कधी नाव ठेवलं नाही, तेव्हा दोर जाड होता."

गावकार निघाला. बरोबर धाकू, आणि गावाने सांगितलं म्हणून ती माळावरची बाई. तिघं राजाच्या दरबारात उभे राहिले, गावकार सगळ्यांत पुढे. आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. 'कमी पडलं' एवढे दोन शब्द. पण ते त्याच्या तोंडून बाहेर येईनात. लाजेने त्याची मान खाली गेली. शेवटी त्याने डोळे मिटले, तेव्हा त्याला लेकीची बोटं आपल्या हातावर जाणवली.

"महाराज," तो म्हणाला, "आम्हाला कमी पडलं."

राजाने दिवाणाकडे पाहिलं. "ह्या गावातून तर कधी कुणी आलेलं आठवत नाही. ह्यांचं किती कापलं?"

"अर्धं, महाराज."

"इतरांचं?"

दिवाण घुटमळला. "इतर गावांनी फार आरडाओरडा केला, महाराज. त्यांचं थोडंथोडं कापलं. हे गाव नेहमीच गप्प. मला वाटलं, ह्यांना पुरतंय."

गावकाराने मान वर केली.

"पुरत नव्हतं," गावकार म्हणाला. "आम्हाला सांगायची लाज वाटत होती, आणि तुम्ही विचारलं नाहीत. चूक अर्धी आमची, अर्धी तुमची. ही एक मात्र बरोबर अर्धी वाटता येते."

राजाला हसू आलं, पण ते लगेच गेलं. "कोठार खरंच रिकामं आहे, गावकार. किती मागतोस?"

"जेवणाचं काही मागत नाही. अर्ध्या भातात आम्ही अर्धं जेवू. पण अर्ध्या दोरावर माणूस अर्धा पलीकडे जात नाही, महाराज. तो मध्येच बुडतो." त्याने तो तुटका दोर राजापुढे ठेवला. "दोराचं पुरं द्या. आणि आता आम्ही गावात जास्त आहोत, तर पूर्वीपेक्षा जाड दोर लागेल. तेवढं वरचंही द्या."

दिवाण म्हणाला, "पण ही माळावरची माणसं तर तुमच्या गावची नव्हेत."

तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. "दिवाणसाहेब, तुम्ही रापण ओढली नाहीत वाटतं कधी. ज्याचा हात दोराला लागला, तो गावचा."

राजाने तुटका दोर उचलला. तो बराच वेळ मुठीत धरून बसला. त्याचीही मूठ पुरी मिटली होती.

मग त्याने दोराचा भात पुरा आणि वरचाही द्यायला सांगितला. उत्सवात हत्तींवर घालायच्या झुली त्या वर्षी नव्या शिवल्या नाहीत, त्या पैशांत तो बाहेरून विकत घेतला. आणि दिवाणाला तो म्हणाला, "ह्यापुढे कुठे कापायची वेळ आली, तर आधी गप्प बसणाऱ्या गावांत जाऊन विचारून ये."

तिघं परत आले. आवडाईच्या अंगणात गावच्या आणि माळावरच्या बायका शेजारी शेजारी बसून काथ्या वळू लागल्या. हात दुप्पट होते. दोर असा जाड झाला की धाकूच्या दोन्ही हातांत मावेना. "आता ह्याला धरू कसा?" तो ओरडला, आणि बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. वैद्याकडे माळावरचे दोघं पाला आणून द्यायला लागले. गुरुजी मात्र त्या वर्षी अर्ध्याच भातावर शिकवत राहिले. सगळंच काही सुटलं नाही. पण तर चालू राहिली, आणि तरीवर कुणाला कधी 'नाही' म्हटलं गेलं नाही.

पुढच्या हंगामात पुन्हा चांगली मासळी लागली. गावकार वाळूवर वाटे घालायला बसला. सगळ्यांत आधी त्याने एक वाटा बाजूला काढला आणि म्हणाला, "हा दोराचा. हा विकून सोडणं घ्यायची. हा कुणी उचलायचा नाही."

मग बाकीचे वाटे घातले. लोक उचलायला वाकले, तेव्हा त्याने हात वर केला.

"थांबा. आधी सांगा. कुठे कमी आहे?"

कुणी बोललं नाही. जुनी सवय. एकमेकांकडे बघत सगळे उभे राहिले. गावकारही उभा राहिला. त्याच्या लेकीच्या कडेवर त्याचा नातू होता, तो तेवढा काहीतरी बडबडत होता.

शेवटी माळावरची ती बाई दोन पावलं पुढे आली.

"गावकार, माझ्या वाट्याचं मला काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "पण दोराचा वाटा कमी पडलाय."

गावकाराने वाकून पाहिलं. खरंच कमी होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून वाटा चुकल्याचं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आपल्या वाट्यातला सगळ्यांत मोठा मासा उचलला आणि दोराच्या वाट्यावर ठेवला. मग तो सरळ उभा राहिला आणि त्याने आपल्या गावाकडे पाहिलं. गावच्यांकडे आणि माळावरच्यांकडे, आता ते वेगळे ओळखूच येत नव्हते. त्याची छाती अभिमानाने भरून आली होती.

त्या दिवसापासून पाहुणा आला की त्या गावातले लोक सांगतात, "आमच्या गावात दोन रीती आहेत. तरीवर कुणाला नाही म्हणत नाही. आणि दोर बारीक झाला, तर बारीक म्हणतो."

तात्पर्य: आपल्या टोपलीत कमी आलं तर पोटात ठेवावं; सगळ्यांच्या दोरात कमी पडलं तर ओठांवर आणावं.